पोरांच्या मापाची रेसगाडी

होंडाच्या एनएसएफ २५० आर या मोटरसायकलचं वजन, पेट्रोल-पाणी न भरता, ८४ किलो. आपल्या दारात उभी असते ती अ‍ॅक्टिव्हा भरल्या टाकीनिशी शंभराच्या वर जाते. वजनाला स्कूटरपेक्षाही हलकी असलेली ही गाडी ताकद मात्र सत्तेचाळीस हॉर्सपॉवरपर्यंत देते, म्हणजे त्याच अ‍ॅक्टिव्हाच्या सहापट. तिला सेल्फ नाही, किक नाही, स्टँड नाही. आरसे, दिवे, हॉर्न यांचा तर प्रश्नच नाही. मागून कुणीतरी ढकलायचं, वेग आला की क्लच सोडायचा आणि इंजिन पेटलं की सुटायचं. ही गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणायचीही नसते. जगभरातल्या टॅलेंट कप शर्यतींत ती ज्यांच्या हातात दिली जाते, त्यांतल्या बहुतेकांचं लायसन्स काढण्याचं वय अजून झालेलं नसतं.

मोठ्यांच्या रेसिंगबद्दल आपल्याकडं थोडंफार लिहून येतं. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली, मार्को बेत्सेक्की जिंकला, आणि चार दिवस का होईना मराठी घरांतही मार्केझ, बान्याया ही नावं ऐकू आली. पण ही मंडळी बारा-चौदा वर्षांची असताना कशावर बसली होती, ती गाडी कुणी बांधली आणि बांधताना काय विचार केला, हे फारसं कुणी विचारत नाही. मला विचाराल तर या खेळातलं सगळ्यात जोखमीचं अभियांत्रिकीचं काम तिथंच असतं. मोटोजीपीची गाडी बांधणाऱ्यापुढं मुख्य प्रश्न एकच असतो, वेग. पोरांची गाडी बांधणाऱ्याला मात्र ती शिकवण्याइतकी वेगवान हवी, चूक पचवण्याइतकी समंजस हवी, शेजारच्या पोराच्या गाडीशी तंतोतंत सारखी हवी आणि मध्यमवर्गीय बापाच्या आवाक्याबाहेर फार जायला नको. शिवाय ती पडणार हे धरूनच बांधायला हवी, कारण पोरं पडतातच. यातली प्रत्येक अट दुसरीच्या आड येते.

त्यामुळं या कामाचे दोन रस्ते पडले. एक सोपा: बाजारातली छोटी स्पोर्ट्स बाइक घ्यायची, दिवे-आरसे काढायचे, फायबरची फेअरिंग आणि रेसिंग टायर चढवायचे, सगळ्यांना तीच द्यायची. दुसरा महागडा: शर्यतीखेरीज दुसऱ्या कशासाठीही नसलेली गाडी कोऱ्या कागदावरून बांधायची. तालमीत वस्ताद नव्या पोराच्या हाती त्याच्या अंगाला पेलेल असंच मुद्गल देतो. मोठ्या पैलवानाचं झिजलेलं मुद्गल त्याच्या गळ्यात मारत नाही. माझं मत दुसऱ्या रस्त्याच्या बाजूनं आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

पूर्वी हा प्रश्न १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्यांनी सोडवलेला होता. होंडाची आरएस १२५ आर ही एकसिलिंडर रेसगाडी कुणालाही विकत घेता यायची. हलकी, अरुंद, वळणात विलक्षण चपळ. तिच्यात वेळोवेळी पिस्टन बदलावा लागे. हवेतला ओलावा आणि उष्मा पाहून कार्ब्युरेटरचे जेट बदलावे लागत. जेट चुकला तर इंजिन जाम होऊन मागचं चाक जागच्या जागी अडकायचं. त्यामुळं डावा हात कायम क्लचवर ठेवायची सवय त्या पिढीच्या रायडरांना लागली. ती पिढी इंजिनाचा आवाज ऐकून बोलायची. पण रस्त्यावरून टू-स्ट्रोक हद्दपार होत गेल्या आणि कंपन्यांना त्यांच्यावर पैसा घालण्यात राम उरला नाही. २०१२ पासून जागतिक स्पर्धेतला १२५ चा वर्ग बंद झाला आणि मोटो थ्री आला: २५० सीसी, चार-स्ट्रोक, एकच सिलिंडर, बोअर ८१ मिलिमीटरपेक्षा मोठा नको.

या नियमात बसवण्यासाठी होंडानं २०११ मध्ये जाहीर केलेली गाडी म्हणजे एनएसएफ २५० आर. तिचं इंजिन जवळून पाहण्यासारखं आहे. आपल्या नेहमीच्या मोटरसायकलीत एक्झॉस्टचा पाइप सिलिंडरच्या पुढून निघतो, इंजिनाखालून वळसा घेतो आणि मागं जातो. हवा मागच्या बाजूनं, टाकीखालच्या फिल्टरमधून आत येते. एनएसएफमध्ये हे सगळं उलटं आहे. सिलिंडर उभ्या रेषेपासून पंधरा अंश मागं कलवलेला आहे. हवा पुढून आत शिरते आणि धूर मागच्या बाजूनं जवळजवळ सरळ बाहेर पडतो. ७८ मिलिमीटर बोअर, ५२.२ मिलिमीटर स्ट्रोक, टायटॅनियमचे व्हॉल्व्ह, १३,००० आरपीएमला पूर्ण ताकद. हा उलटा घाट हौसेपोटी घातलेला नाही. चार-स्ट्रोक इंजिन टू-स्ट्रोकपेक्षा अंगानं मोठं आणि डोक्यानं जड असतं. ते सरळ बसवलं असतं तर गाडीचा तोल बिघडला असता. आरएस १२५ वर तयार झालेल्या पोरांना नव्या गाडीत तोच तोल, तीच वळायची पद्धत मिळावी म्हणून इंजिनच फिरवून घेतलं.

ऑस्ट्रियाच्या केटीएमनं त्याच नियमात वेगळा मार्ग धरला. होंडाची चौकट अ‍ॅल्युमिनियमची, तर केटीएमची पोलादी नळ्या जोडून केलेली. होंडाचा बोअर ७८, तर केटीएमनं परवानगी होती तेवढा ८१ मिलिमीटर घेतला. २००७ मध्ये रेड बुल मोटोजीपी रुकीज कप सुरू झाला तेव्हा पोरांना केटीएमच्या १२५ टू-स्ट्रोक दिल्या होत्या. २०१३ पासून तिथं २५० सीसीची आरसी २५० आर आली. या कपची रीत अशी की गाडी पोराची नसतेच. ती आयोजकांची. तिची देखभाल केटीएमचे मेकॅनिक करतात. पोरानं हेल्मेट आणि सूट घेऊन यायचं, सस्पेन्शन आपल्या अंगाला जुळवून घ्यायचं, गाडीनं काय केलं ते मेकॅनिकला नीट शब्दांत सांगायचं आणि चालवायचं. बापाच्या खिशातला पैसा इंजिनात ओतता येत नाही.

याचा परिणाम नावांत दिसतो. पहिल्याच वर्षी, २००७ मध्ये, जिंकला योहान झार्को. २०१४ चा विजेता होर्हे मार्टिन, दुसरा जोआन मीर. मीर २०२० चा मोटोजीपी जगज्जेता झाला आणि मार्टिन २०२४ चा. २०२० चा विजेता पेद्रो अकोस्ता दुसऱ्याच वर्षी मोटो थ्रीचा जगज्जेता होता. सारख्या गाडीचा खरा उपयोग इथं आहे: निवडणाऱ्याला गाडीआडचा रायडर दिसतो. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण रुकीज कपच्याही आधीचं आहे. १९९९ मध्ये स्पेनमध्ये मोव्हिस्टार कंपनीच्या पैशावर पोरांची एक मालिका झाली. तीत दानी पेद्रोसा हा बारीक अंगाचा मुलगा आठवा आला. निवड करणारे माजी रायडर अल्बेर्तो पुइग यांनी पहिल्या तिघांवर न थांबता या आठव्यालाही हाताशी धरलं. पुढं तो १२५ मध्ये एकदा आणि २५० मध्ये दोनदा जगज्जेता झाला. गाड्या कमी-अधिक असत्या तर आठवा नंबर हा नुसता आठवा नंबर राहिला असता. गाड्या सारख्या होत्या, म्हणून पुइग यांना नंबराच्या पलीकडं पाहता आलं. २०१४ मध्ये एशिया टॅलेंट कप सुरू झाला तो त्यांच्याच देखरेखीखाली आणि तिथं गाडी होती एनएसएफ २५० आर.

सारखेपणा राखणं बोलायला सोपं, करायला कठीण. एकाच साच्यातून निघालेल्या दोन इंजिनांतही थोडा फरक राहतोच. म्हणून मोटो थ्रीत इंजिनं सीलबंद असतात आणि इंजिनाचा मेंदू सगळ्यांना एकाच कंपनीचा, इटलीच्या देलोर्तोचा. दुसरा फरक पोरांच्या अंगाचा. चौदाव्या वर्षी एकजण चाळीस किलोचा असतो, दुसरा साठचा. नुसतं गाडीचं वजन ठरवून दिलं तर बारक्या पोराला फुकटचा फायदा. म्हणून मोटो थ्रीत गाडी आणि रायडर यांचं मिळून किमान १५२ किलो वजन ठरलेलं आहे. कमी भरलं तर शिसं किंवा तत्सम भार बांधायचा. आणि पोरं वाढतात! हंगामाच्या सुरुवातीला गुडघा जिथं टाकीला टेकत होता तिथं हंगामाच्या शेवटी टेकत नाही. फूटरेस्ट मागं-वर सरकवता यायला हवा, सीटच्या मागच्या टेकूला फोम चिकटवता-काढता यायला हवा, क्लिप-ऑन हँडलचा कोन बदलता यायला हवा. बाजारातल्या गाडीत या सोयी नसतात, बाहेरून विकत आणाव्या लागतात. मुद्दाम बांधलेल्या गाडीत त्या पहिल्या रेघेपासून असतात.

पडण्याची तयारीही तशीच. शर्यतीआधी तपासणीच्या टेबलाशी उभं राहिलं की कळतं, गाडी सोडायची की नाही हे ठरवणारा माणूस इंजिनाची ताकद बघत नाही. तो तार बघतो. ऑइल काढायच्या नटाला बारीक भोक पाडून त्यातून स्टीलची तार ओवलेली असते. दोन पदरांना पीळ घालून ती शेजारच्या बोल्टला बांधतात. पिळाची दिशा अशी धरतात की नट सैल पडू लागला तर तार त्याला उलट घट्टच ओढेल. मग तो खाली वाकून फेअरिंगचा तळ बघतो. इंजिन फुटलं तर आतलं किमान निम्मं ऑइल आणि पाणी त्या तळात साठलं पाहिजे, ट्रॅकवर सांडता कामा नये. रेडिएटरात साधं पाणी आहे ना, हे विचारतो. रस्त्यावरच्या गाडीतलं हिरवं-निळं कूलंट इथं चालत नाही, कारण ते सांडलं की मागून येणाऱ्यांसाठी ट्रॅक तेलकट होतो. ब्रेकच्या लीव्हरसमोर कडं आहे का बघतो, कारण घोळक्यात शेजारच्याचं हँडल त्या लीव्हरला लागलं तर पुढचा ब्रेक दाबला जाऊन पोरगं हवेत फेकलं जातं. मागच्या स्प्रॉकेटशेजारी माशाच्या पंखासारखी पट्टी आहे का बघतो. पाय घसरून चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये जाऊ नये म्हणून ती. या प्रत्येक नियमामागं कुणाचा तरी पाय, कुणाचा तरी हात आहे.

आता अवघड भाग.

२०२१ साली या खेळानं चार महिन्यांत तीन पोरं गमावली. मे महिन्यात मुजेल्लोला १९ वर्षांचा जेसन दुपास्किए. २५ जुलैला स्पेनच्या आरागॉन ट्रॅकवर युरोपियन टॅलेंट कपच्या शर्यतीत १४ वर्षांचा ह्यूगो मियान. २५ सप्टेंबरला हेरेझला सुपरस्पोर्ट ३०० च्या शर्यतीत १५ वर्षांचा दीन बेर्ता विन्यालेस. तिघांच्याही बाबतीत पडणं हे मरणाचं कारण नव्हतं. पडल्यानंतर मागून येणाऱ्या गाडीनं त्यांना उडवलं. दुपास्किए मोटो थ्रीत होता. मियानची गाडी एनएसएफ २५० आर होती, म्हणजे मी वर जिचं कौतुक केलं तीच. विन्यालेसची गाडी बाजारातल्या मॉडेलवर बेतलेली होती. म्हणजे दोन्ही रस्त्यांनी पोरं मेली. मुद्दाम बांधलेली गाडी हाच सगळ्यावर उपाय, असं म्हणणाऱ्यानं ह्यूगो मियानचं नाव आधी घ्यायला हवं. म्हणूनच मी ते घेतलं.

पेच असा आहे. सगळ्यांना सारखी गाडी द्यायची हे आपण न्यायासाठी ठरवलं. पण गाड्या सारख्या असल्या की सरळ रस्त्यावर कुणी कुणाला मागं टाकू शकत नाही. पुढच्याच्या पाठीमागं हवेचा अडथळा कमी होतो. त्या पोकळीत, म्हणजे स्लिपस्ट्रीममध्ये, मागचा आपसूक ओढला जातो. पहिल्यापासून पंधराव्यापर्यंत सगळे एका चेंडूसारखे वळणावर येऊन धडकतात. मुजेल्लोच्या लांब सरळीवर मोटो थ्रीच्या गाड्या ताशी २४० किलोमीटरच्या पुढं असतात आणि दोघांच्या कोपरांत वीतभर अंतर नसतं. प्रेक्षकांना ही शर्यत फार आवडते. मलाही आवडते, हे लपवत नाही. पण त्या घोळक्याच्या मध्यभागी जो पडेल त्याच्या मागं पाच-दहा गाड्या असतात आणि त्यांतल्या कुणालाही वळायला जागा नसते.

इथं गाडीचं बांधकाम पुन्हा महत्त्वाचं ठरतं. सुपरस्पोर्ट ३०० च्या वर्गात बाजारातून आलेल्या दीडशे किलोच्या आसपासच्या गाड्या आणि चाळीस-पन्नास हॉर्सपॉवर असं गणित होतं. जड गाडी आणि बेताची ताकद असली की रायडरला फरक दाखवायला जागाच कमी राहते. बहुतेक लॅप अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून जातो. वळणातून थोडा चांगला बाहेर पडणारा पोरगा पुढच्या सरळीवर पुन्हा घोळक्यात गिळला जातो. हलकी, वजनाच्या मानानं जास्त ताकदीची, सेटिंग बदलता येणारी गाडी मात्र चांगल्या-वाईटात भेद करते. उशिरा ब्रेक मारणारा, वळणात वेग टिकवणारा, टायर सांभाळणारा हळूहळू सुटतो आणि रांग लांबते. म्हणून अनेक जाणकार सांगत आले की पोरांना फार सोपी गाडी देऊ नका. सोपी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हा समज मला या सगळ्या विषयातला सर्वांत घातक समज वाटतो. दुसरी गोष्ट साध्या भौतिकशास्त्राची: अंगावर येणारी गाडी ८४ किलोची असणं आणि दीडशे किलोची असणं यात फरक आहे. तो फरक दर वेळी जीव वाचवत नाही. पण ज्या वेळी वाचवतो त्या वेळांची गणती कुठं होत नाही.

एफआयएम या जागतिक संघटनेनं २०२१ अखेर नियम बदलले. जागतिक स्पर्धेचं किमान वय, काही अपवाद वगळता, २०२३ पासून १८ झालं. टॅलेंट कपचं १४ झालं. रांगेतल्या गाड्यांची संख्या आटोक्यात आणली, एअरबॅगचे सूट सक्तीचे झाले. सुपरस्पोर्ट ३०० चा वर्गही आता इतिहासजमा झाला असून २०२६ पासून त्याच्या जागी मोठ्या, जास्त ताकदीच्या गाड्यांचा स्पोर्टबाइक वर्ग ठरला. या बंद झालेल्या वर्गाबद्दल एक चांगली गोष्टही सांगायला हवी. २०१८ मध्ये स्पेनची आना कारास्को तिथं कावासाकी निन्जा ४०० वर जगज्जेती झाली, सर्किटवरच्या मोटरसायकल शर्यतीत मुलांसोबत उतरून एकट्यानं जागतिक विजेतेपद मिळवणारी पहिली स्त्री. हंगाम संपला तेव्हा दुसऱ्यापेक्षा तिचा अवघा एक गुण जास्त होता.

आता चाकणकडं यायचं. या गोष्टीत पुणे जिल्ह्याचा वाटा आहे आणि तो मराठी माणसाला फारसा माहीत नाही, याची मला खरोखर खंत वाटते. बजाज आणि केटीएम यांची भागीदारी २००७ मधली. चाकणच्या कारखान्यात छोट्या ड्यूक बनू लागल्या, आणि मग आरसी ३९०: ३७३ सीसी, एकसिलिंडर, ४३ हॉर्सपॉवर. २०१३ च्या अखेरीस मिलानच्या प्रदर्शनात तिचं अनावरण झालं, तेव्हा तिच्या शेजारी आरसी ३९० कप ही रेसची आवृत्तीही होती. जर्मनीतल्या एडीएसी ज्युनियर कपमध्ये २०१४ पासून पोरं हीच गाडी चालवू लागली. २०१५ ते २०१७ अशी तीन वर्षं अमेरिकेत मोटोअमेरिकाच्या झेंड्याखाली केटीएम आरसी कप झाला. वेगळं सस्पेन्शन, वेगळा एक्झॉस्ट, रेसचे टायर, पण मूळ गाडी चाकणची. खेड तालुक्यातल्या जोडणीच्या लाइनवर ज्या हातांनी तिचे बोल्ट आवळले, त्या हातांना ती पुढं कुठल्या सर्किटवर जाणार हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण अमेरिकेतली चौदा-पंधरा वर्षांची पोरं त्या बोल्टांवर विसंबून वळणात गुडघा टेकवत होती.

ही गाडी पहिल्या रस्त्यावरची, बाजारातून आलेली. तिनं तिचं काम चोख केलं. स्वस्त होती, भाग मिळत, पडली तर दुसऱ्या दिवशी उभी राहत होती. तरी अमेरिकेतही वारं बदललं. मोटोअमेरिकानं २०२५ पासून आपला, बाजारातल्या गाड्यांचा ज्युनियर कप बंद करून टॅलेंट कप सुरू केला आणि त्यासाठी सगळ्यांना एकच, मुद्दाम बांधलेली गाडी ठरवली: जर्मनीच्या क्रेमर कंपनीची एपीएक्स-३५० एमए. क्रेमर ही रेसगाड्यांपलीकडं काहीच न बनवणारी छोटी कंपनी. तिनं केटीएमचं ३५० सीसीचं एकसिलिंडर इंजिन घेतलं आणि भोवती स्वतःची चौकट उभी केली. मोटो थ्रीच्या इंजिनाइतकं ते नाजूक नाही, वारंवार उघडावं लागत नाही, आणि गाडी रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कितीतरी हलकी. मला हा मधला मार्ग फार शहाणपणाचा वाटतो. इंजिन बाजारातलं, भरवशाचं. बाकी सगळं पोरांसाठी नव्यानं.

त्याहून लहानांसाठी इटलीच्या ओव्हालेनं जे केलं ते तर आपण डोळे उघडून पाहावं असं आहे. मोठ्या रेसगाडीचीच बैठक, तसाच ब्रेक मारायचा, तसंच कलायचं, पण चाकं लहान आणि इंजिन १६० सीसीचं साधं चार-स्ट्रोक. ही गाडी मोठ्या सर्किटवर नेतच नाहीत. ती गो-कार्टच्या ट्रॅकवर पळते. सरळी आखूड, म्हणून वेग बेताचा. वळणं मात्र भरपूर, म्हणून शिकायला जास्त. एफआयएमनं २०२१ पासून मिनीजीपीची जागतिक साखळी उभारली ती याच गाडीवर, दहा ते चौदा वयाच्या पोरांसाठी. वेगवेगळ्या देशांतून निवडलेली पोरं शेवटी स्पेनमध्ये एकमेकांसमोर येतात आणि सगळ्यांच्या बुडाखाली तीच गाडी असते.

भारतातला इतिहास दक्षिणेत आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. आधी शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, १९९० पासून चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टईला खास बांधलेल्या ट्रॅकवर. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. टीव्हीएसनं १९९४ मध्ये सगळ्यांना एकच गाडी देणारी वन मेक स्पर्धा सुरू केली आणि ती आजही चालू आहे. नवख्या पोरांना तिथं अपाचे आरटीआर २०० मिळते, वरच्या गटात आरआर ३१०. यामाहानं आर १५ चा कप केला. २०१९ मध्ये होंडानं आपल्याकडंही एनएसएफ २५० आर आणली, आणि भारतीय पोरांना पहिल्यांदाच देशातल्या देशात, कोऱ्या कागदावरून बांधलेल्या खऱ्या रेसगाडीवर बसायला मिळालं. पुण्याचा सार्थक चव्हाण त्या गाडीवर तयार झालेल्यांपैकी एक. पुढं तो टीव्हीएसच्या आशियाई वन मेक स्पर्धेतही उतरला.

आणि या ट्रॅकनंही पोर गमावलं आहे. ५ ऑगस्ट २०२३ ला इरुंगाट्टुकोट्टईला नवोदितांच्या शर्यतीत बंगळुरूचा श्रेयस हरीश पहिल्या वळणातून बाहेर पडताना पडला आणि गेला. तेरा वर्षांचा होता. मिनीजीपीच्या भारतीय मालिकेतून वर येऊन स्पेनला जाऊन आलेला. त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. असं काही घडलं की आपल्याकडं दोनच आवाज निघतात, हे सगळं बंद करा, नाहीतर खेळात हे चालायचंच. दोन्ही मला मान्य नाहीत. तेरा वर्षांच्या पोराला कुठल्या वजनाची गाडी द्यायची, रांगेत किती गाड्या ठेवायच्या, कार्टच्या ट्रॅकवरून मोठ्या सर्किटवर त्याला कधी न्यायचं, ही उत्तरं देता येण्याजोगी तांत्रिक प्रश्नपत्रिका आहे. ती मोठ्या माणसांनी बसून सोडवायची असते.

महाराष्ट्रात आज अशा शर्यतींसाठी लागणारं पूर्ण लांबीचं, आंतरराष्ट्रीय दर्जाचं सर्किट नाही. पुण्याच्या पोराला सरावासाठीसुद्धा हजार-बाराशे किलोमीटर जावं लागतं. गाडी टेम्पोत, बाप रजेवर, शाळा बुडालेली. जे सरावाला जाऊ शकत नाहीत त्यांतली काही ताम्हिणीत आणि लवासाच्या रस्त्यावर जातात, समोरून एसटी येत असताना गुडघा टेकवायला बघतात. त्यांना दटावून हे थांबत नाही.

मोठं सर्किट उभारायला शेकडो एकर जमीन आणि पाण्यासारखा पैसा लागतो. त्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही, हेच मिनीजीपीनं दाखवून दिलं आहे. दहा ते चौदा वयासाठी कार्टचा ट्रॅक पुरतो आणि कार्टचे ट्रॅक आपल्याकडं आहेत. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकॅडमीचा आहे. १६० सीसीचं हवेवर थंड होणारं साधं इंजिन पुणे परिसरातल्या कारखान्यांना नवं नाही, तशी इंजिनं इथं रोज बनतात. चाकण, भोसरी, रांजणगावच्या वर्कशॉपांत नळ्या वाकवून वेल्डिंग करणारे, अ‍ॅल्युमिनियम कोरणारे, फायबरचे साचे काढणारे हात आहेत. अभियांत्रिकीची मुलं दरवर्षी बाहा आणि सुप्राच्या स्पर्धांसाठी स्वतःच्या हातांनी चारचाकी बांधतात, त्यांना हा विषय दिला तर ती झोपणार नाहीत. इटलीतून आलेल्या गाडीवर आयातकर भरावा लागतो, भाग येईपर्यंत हंगाम सरतो. इथंच बांधलेल्या गाडीचा मोडलेला फूटरेस्ट भोसरीत त्याच संध्याकाळी कातून मिळेल.

सुरुवात वीस गाड्यांपासून करता येईल. सगळ्या एकसारख्या, इंजिनं सीलबंद, मालकी पोरांची नाही तर क्लबची. देखभाल एकाच वर्कशॉपकडं. पोरानं सूट, हेल्मेट, बूट घेऊन यावं, आणि ज्याच्याकडं तेही नसतील त्याला क्लबनं द्यावेत, मुलींना वेगळी रांग न लावता. फूटरेस्ट तीन जागी सरकणारा हवा, लीव्हरसमोर कडं हवं, तळात ऑइल साठलं पाहिजे, नटांना तार हवी. रांगेत बारापेक्षा जास्त नकोत आणि ट्रॅकशेजारी रुग्णवाहिका नसेल तर इंजिन पेटवायचं नाही.